तारीख घालून, लेखी

श्रोतेहो, नमस्कार.

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बहुतेक शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, आणि त्याआधी आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. कुणी पुण्याहून नुकतंच आलेलं असतं, कुणी टेक्सास सोडून इकडे. पहिला प्रश्न ठरलेला असतो, शाळेचं रेटिंग किती? आईवडिलांची ती काळजी मला समजते. पण त्याच्या पाठोपाठ जो प्रश्न यायला हवा, तो फार थोडे विचारतात. ही शाळा चालवतं कोण? आणि उद्या माझ्या मुलाला काही मदत लागली, तर ती कुणाकडे आणि कशी मागायची? आज त्याबद्दल बोलू या. मी बोलणार आहे ते कॅलिफोर्नियाबद्दल. इतर राज्यांत तपशील बदलतात.

इथल्या सरकारी शाळा सहसा शहराची महापालिका चालवत नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र संस्था असते. तिचं बोर्ड वेगळं, अंदाजपत्रक वेगळं, हद्दही वेगळी. देशात असे सुमारे 13,000 डिस्ट्रिक्ट आहेत, आणि एकट्या सांता क्लारा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तीसच्या वर. या हद्दी शहरांच्या हद्दींशी जुळत नाहीत. सनीवेलमध्ये काही घरांची मुलं सनीवेल डिस्ट्रिक्टच्या शाळेत जातात, काही क्युपर्टिनोच्या, तर काही सांता क्लारा युनिफाईडच्या. क्युपर्टिनोचा डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतच आहे. नववीपासून मूल जातं फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, आणि या फ्रीमाँटचा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही. त्या शहराचं फ्रीमाँट युनिफाईड निराळं, काउंटीसुद्धा निराळी. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी घराचा नेमका पत्ता डिस्ट्रिक्टला कळवून कोणती शाळा मिळेल ते विचारून घ्या. दलालाने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, एवढ्यावर विसंबू नका.

आता बोर्ड. बहुतेक ठिकाणी पाच सदस्य असतात, काही ठिकाणी सात. लोकांनी निवडून दिलेले, चार वर्षांसाठी. त्यांतले बरेचसे तुमच्याआमच्यासारखे नोकरदार, निवृत्त शिक्षक, पालक. ते शाळा रोज चालवत नाहीत. ते सुपरिंटेंडंट नेमतात, अंदाजपत्रक मंजूर करतात, धोरण ठरवतात. रोजचा कारभार सुपरिंटेंडंटकडे. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. एकट्या बोर्ड सदस्याला कसलाच अधिकार नसतो. ओळखीचा सदस्य आहे म्हणून मुलाचा वर्ग बदलून मिळेल, अशी आशा धरू नका. अधिकार आहे तो भरलेल्या सभेत, बहुमताने झालेल्या ठरावाला.

आणि ही सभा उघडी असते. 1953 सालचा ब्राउन ॲक्ट नावाचा कायदा आहे. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी जाहीर करावी लागते. जो विषय पत्रिकेवर नाही, त्यावर काही अपवाद सोडले तर निर्णय घेता येत नाही. दार बंद करून बोलता येतं ते ठरावीक विषयांवरच. कर्मचाऱ्यांची नेमणूक किंवा शिस्तभंग, कोर्टातले दावे, कर्मचारी संघटनेशी चाललेल्या वाटाघाटी, एखाद्या विद्यार्थ्यावरची कारवाई. तिथे झालेल्या ठरावीक निर्णयांची माहितीही बाहेर येऊन द्यावी लागते.

पत्रिका वाचताना कन्सेंट कॅलेंडर नावाचा भाग असतो, तो नजरेआड करू नका. दहा-वीस विषय एका मताने एकदम मंजूर होतात. बहुतेक साधेच असतात, बिलं आणि सहलींच्या परवानग्या. पण कंत्राटंही तिथेच असतात. एखाद्या विषयावर वेगळी चर्चा व्हावी असं वाटलं, तर तो बाहेर काढा अशी विनंती तुम्ही सदस्याला करू शकता.

"आपल्याला मत नाही, मग जाऊन करायचं काय?" असं एच-वन व्हिसावरची मंडळी म्हणतात. मत द्यायला नागरिकत्व लागतं हे खरं. सभेत बोलायला मात्र लागत नाही. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. आणि मताच्या बाबतीतही सॅन फ्रान्सिस्कोने वेगळी वाट धरली आहे. तिथल्या मतदारांनी 2016 साली ठराव मंजूर केला, आणि 2018 पासून शहरातल्या मुलांचे नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदान करू शकतात. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2023 साली अपील कोर्टाने तो हक्क कायम ठेवला. तरीही नाव नोंदवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्या. निवडणूक विभाग स्वतःच तसं बजावतो, कारण नोंदवलेली माहिती केंद्र सरकारच्या हाती पडू शकते.

पैशाचं थोडक्यात सांगते. 2013 पासून राज्याचा निधी मुलांच्या हजेरीवर आणि गरजेवर मिळतो. कमी उत्पन्नाच्या घरातलं मूल, इंग्रजी शिकणारं मूल, आईवडिलांपासून दूर, फॉस्टर केअरमध्ये वाढणारं मूल, यांच्यासाठी जादा रक्कम येते. ती कशी खर्च करणार याचा आराखडा आणि अंदाजपत्रक 1 जुलैच्या आत मंजूर व्हावं लागतं, आणि त्याआधीच्या एका सभेत लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणजे ही सुनावणी बहुधा जूनमध्ये पडते. नेमकी तेव्हाच आपली अर्धी मंडळी भारतात आंबे खायला गेलेली असतात! जमलं तर आधी ईमेल पाठवून ठेवा. बोर्डाला आलेलं पत्र सभेच्या कागदपत्रांत दाखल होतं.

इथवर बोर्ड झालं. आता मुलांच्या सेवांकडे वळते, कारण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागून राहिलेली गोष्ट तिथे आहे.

शाळेत नाव घालताना एक छोटा फॉर्म येतो, होम लँग्वेज सर्व्हे. मुलाने पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली ती भाषा कोणती, घरी कोणती बोलता, वगैरे. आपले कितीतरी पालक तिथे सरळ "इंग्रजी" लिहितात. "मराठी लिहिलं तर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील" ही भीती. मंडळी, मराठी उत्तर दिलं, तर शाळा मुलाची एल्पॅक नावाची चाचणी घेते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. इंग्रजी चांगलं असेल तर मूल तिथूनच मोकळं होतं. नसेल तर त्याला रोजच्या शिक्षणात इंग्रजीची मदत मिळते, आणि ती देणं शाळेवर बंधनकारक आहे. हा हक्क मिळाला 1974 साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी कुटुंबांनी सुप्रीम कोर्टापर्यंत लढलेल्या लाव विरुद्ध निकोल्स या खटल्याने. ज्या हक्कासाठी ती माणसं भांडली, तो आपण फॉर्मवरच सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याहून मोठी गोष्ट विशेष शिक्षणाची. 1975 साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे. आज तो आयडिया या नावाने ओळखला जातो. तो मुलाच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून लागू होतो. मूल शाळेत दाखल नसलं तरीही. तीन वर्षांचं मूल बोलत नसेल, नजर देत नसेल, तर तुमच्या हद्दीतल्या डिस्ट्रिक्टने त्याची तपासणी करायची, आणि त्याचा एक पैसा तुमच्याकडून घ्यायचा नाही. व्हिसा कोणता आहे, तो आहे की नाही, याने फरक पडत नाही. मुलाला शाळेबाहेर ठेवण्यासाठी ते कारण चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगितलं आहे.

आता नीट ऐका. शाळा सुटताना बाईंना गाठून "मुलगा वाचनात जरा मागे वाटतो हो" असं म्हटलं, तर बाई मान हलवतात, "लक्ष ठेवू" म्हणतात, आणि वर्ष निघून जातं. त्यात बाईंचा दोष नसतो, वर्गात पंचवीस-तीस मुलं असतात. पण हेच तुम्ही लेखी दिलंत, ईमेलने का होईना, तारीख घालून, की "माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी अशी विनंती आहे", तर कायद्याचं घड्याळ सुरू होतं. सुट्ट्यांचे अपवाद सोडले तर पंधरा दिवसांत डिस्ट्रिक्टने तपासणीचा आराखडा तुमच्या हातात द्यायचा. नकार द्यायचा असेल तर तोही कारणासहित लेखीच. आराखड्यावर तुम्ही संमतीची सही केलीत की साठ दिवसांच्या आत तपासण्या पुऱ्या करून बैठक घ्यायची. या मोजणीतून पाच शालेय दिवसांहून मोठ्या सुट्ट्या वगळतात.

त्या बैठकीत ठरतो तो आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता शिक्षणाचा आराखडा. मुलाला काय जमतं, काय जमत नाही, वर्षभरात कुठवर न्यायचं, त्यासाठी आठवड्याला किती मिनिटं स्पीच थेरपी, किती वेळ वाचनाची मदत, सगळं कागदावर. दरवर्षी फेरविचार, आणि किमान दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. टेबलाभोवती मानसतज्ज्ञ, शिक्षक, थेरपिस्ट, अधिकारी बसलेले असतात, आणि आपण दोघं आईवडील. दडपण येतंच. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या गटाचे बरोबरीचे सदस्य आहात. त्याच दिवशी सही केलीच पाहिजे असं नाही. कागद घरी न्या, शांतपणे वाचा. काही भाग मान्य, काही अमान्य, अशीही संमती देता येते. मान्य केलेल्या सेवा सुरू होतात आणि उरलेल्यावर बोलणं चालू राहतं. मराठीत समजून घ्यायचं असेल तर दुभाषा डिस्ट्रिक्टने द्यायचा. आधी कळवा, आणि तेही लेखी.

ज्या मुलाला वेगळं शिकवायची गरज नाही, पण वर्गात काही सोय हवी, त्याच्यासाठी फाइव्ह-ओ-फोर प्लॅन असतो. मधुमेह, शेंगदाण्याची ॲलर्जी, एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. 1973 च्या कायद्यातल्या 504 या कलमावरून ते नाव पडलं. कायदा झाला, पण नियम काही निघेनात. तेव्हा 1977 च्या एप्रिलमध्ये अपंग स्त्री-पुरुष सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी इमारतीत शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथेच ठाण मांडून बसले. व्हीलचेअरवरची माणसं, मदतनीस जवळ नाहीत, औषधं अपुरी. त्यांच्यात अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्युडी ह्यूमन होत्या. नियमांवर सही झाली तेव्हाच ती माणसं बाहेर पडली. आज आपल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळतो, तो या लोकांनी मिळवून दिलेला आहे.

आपल्या समाजात आडवी येते ती वेगळीच भिंत. "शिक्का बसेल." "कॉलेजला कळेल." "सासरी काय सांगायचं?" तर ऐका. आयईपी मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर येत नाही. मुलाने स्वतः सांगितल्याशिवाय कॉलेजला ते कळत नाही. 1974 चा विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेचा कायदा त्या कागदांना संरक्षण देतो. दुसरं, "घरी मराठी बंद करा, म्हणजे बोलू लागेल" हा सल्ला अजूनही कानावर येतो. दोन भाषा ऐकल्याने मुलाला वाचेचा विकार जडत नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेऊन मुलाचं भलं होत नाही. उलट बाजूही सांगते. केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला अपंग ठरवायला कायद्याने मनाई आहे. म्हणून तपासणी करणाऱ्याला मुलाच्या घरच्या भाषेबद्दल जरूर सांगा. आणखी एक, 2025-26 पासून राज्यात किंडरगार्टन ते दुसरीच्या मुलांची वाचनातल्या अडचणींसाठी दरवर्षी प्राथमिक चाचणी सुरू झाली आहे. तिचा निकाल मागून घ्या.

जाता जाता हजेरी. डिसेंबरात भारताचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दोन आठवडे आधी निघालात, तर ती गैरहजेरी सहसा अमान्य धरतात. विनापरवाना तीन दिवस झाले की कायद्याने मूल ट्रुअंट, म्हणजे शाळा बुडवणारं ठरतं आणि घरी पत्र येतं. ज्या डिस्ट्रिक्टचा खर्च मालमत्ता करातूनच भागतो ते सोडले, तर बाकीच्यांना निधी हजेरीवर मिळतो, त्यामुळे शाळेचंही नुकसान. जाण्याआधी ऑफिसात इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास पुरा करण्याचा करार मिळेल का ते विचारा. दिवाळीचं निराळं आहे. 2025 च्या ऑक्टोबरात गव्हर्नरांनी दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत स्थान देणाऱ्या कायद्यावर सही केली. पण शाळा त्या दिवशी बंद ठेवायची का, हे ठरतं डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरमध्ये, आणि कॅलेंडर मंजूर करतं बोर्ड.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक आनंदाची गोष्ट. बारावी पास होताना इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलाच्या डिप्लोमावर राज्याची सोनेरी मुद्रा लागते. 2012 पासून ही सोय आहे, आणि मराठीची प्रमाणित परीक्षासुद्धा उपलब्ध आहे. तुमचा डिस्ट्रिक्ट ती परीक्षा ग्राह्य धरतो का, हे नववीतच काउन्सेलरला विचारा. धरत नसेल, तर तो बोर्डापुढे मांडण्याजोगा विषय आहे.

आणि बोर्डापुढे मांडायचं कसं? सभेच्या आधी एक चिठ्ठी भरायची. साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर सदस्य उत्तर द्यायला फारसं बोलणार नाहीत, त्याने खट्टू होऊ नका, त्यांना कायद्याने तेवढीच मुभा आहे. मागणी एकच करा आणि ती पहिल्या वाक्यात सांगा. लेखी प्रत सचिवांकडे द्या. घरातल्या आजी-आजोबांना बोलायचं असेल, तर त्यांनी खुशाल मराठीत बोलावं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा, असं ब्राउन ॲक्टमध्येच लिहिलेलं आहे. सभागृहात एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तर तेवढी गोष्ट वेगळी.