आधी कुंचला, मग शिक्का

श्रोतेहो, नमस्कार. जर्मनीत हाताने रंगवलेल्या पोर्सेलिनच्या जुन्या फुलदाण्या जमवणारे बहुतेक जण फुलदाणी हाती येताच ती उलटी करून तळाचा शिक्का पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी कुंचला पाहावा, मग शिक्का. यामागे एका राजाचा हव्यास आहे आणि त्याची हकिकत मला फार प्रिय आहे.

सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला पोर्सेलिनचे, म्हणजे चिनी मातीच्या उंची भांड्यांचे, विलक्षण वेड होते. शेजारच्या प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम मात्र काटकसरी. वाडवडिलांनी जमवलेल्या चिनी भांड्यांपेक्षा त्याला कवायती फौज प्यारी. १७१७ साली या दोघांत असा सौदा झाला की, ऑगस्टसने आपले ६०० सैनिक घोडे, शस्त्रे आणि गणवेश यांच्याविना प्रशियाला द्यावेत आणि त्या बदल्यात १५१ चिनी नग घ्यावेत. ६०० माणसे, १५१ नग! त्या नगांत निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या, सुमारे एक मीटर उंचीच्या, झाकणाच्या भव्य फुलदाण्या होत्या. घोडदळाच्या त्या शिपायांना ड्रागून म्हणत, म्हणून या फुलदाण्यांना आजही ‘ड्रागून फुलदाण्या’ असेच म्हणतात आणि ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातील संग्रहात त्या पाहायला मिळतात. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्या शिपायांचा उल्लेख या फुलदाण्यांसमोर उभे राहणाऱ्याने केलाच पाहिजे, असे मला वाटते.

याच ऑगस्टसच्या नजरकैदेत ब्योटगर या किमयागाराने सोने बनवता बनवता पोर्सेलिनचे रहस्य हस्तगत केले आणि १७१० साली माइसेन गावी पोर्सेलिनचा कारखाना उभा राहिला. १७२० साली तेथे आलेल्या हेरोल्ट या चित्रकाराने रंगांना बहर आणला. राजवाड्यासाठी घडवलेल्या फुलदाण्यांच्या तळाशी ‘ऑगस्टस रेक्स’ या शब्दांची आद्याक्षरे, ए आणि आर, निळ्या रंगात गुंफलेली असत. पुढे १९व्या शतकात ड्रेस्डेनमधील हेलेना वोल्फसोन यांच्या रंगशाळेने हीच आद्याक्षरे आपल्या मालावर सर्रास वापरली. म्हणून पुन्हा सांगतो, आधी कुंचला, मग शिक्का.

कुंचला पाहायचा तो भिंगातून. छापील चित्रात बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताने रंगवलेल्या गुलाबाच्या पाकळीत रंग एका कडेला दाट, दुसरीकडे विरळ होत जातो. हे रंग झिलईवर, म्हणजे भांड्याच्या चकचकीत लेपावर, चढवून पुन्हा मंद भट्टीत भाजलेले असल्याने बोटाला किंचित उठाव जाणवतो. सोनेरी कडही तशीच वरून चढवलेली असते, म्हणून ती घासणीने कधीही घासू नये आणि झिजली तर झिजू द्यावी. नवा मुलामा दिलेल्या फुलदाणीपेक्षा मला झिजलेली कड केव्हाही अधिक मोलाची वाटते. फुलदाणीत फुले ठेवूच नयेत हा जाणकारांचा आग्रहही मला पटत नाही. आत काचेचा पेला बसवून निशिगंधाच्या चार काड्या खुशाल ठेवाव्यात.

आता शिक्का. माइसेनचा शिक्का म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. त्या तलवारींवर आडवी रेघ कोरलेली आढळली, तर तो नग कारखान्याने दुय्यम ठरवलेला असावा. असे नग अनेकदा न रंगवता, कोरेच बाहेरच्या रंगाऱ्यांच्या हाती जात, त्यामुळे तळ माइसेनचा आणि चित्र भलत्याचेच, असे घडते. अशा वेळी किंमत ठरवताना विक्रेत्याला ती रेघ अवश्य दाखवावी.