मॉरिशस: वाइन समुद्रावरची, जेवण गल्लीतलं

[दृश्य: पोर्ट लुई बंदर, सकाळ. जहाजावरून उतरणारे कंटेनर, मागे डोंगरांची रांग.]

निवेदन:

हे पोर्ट लुई. मॉरिशसची राजधानी आणि बेटाचं बंदर. आज रात्री किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ज्या बाटल्या उघडतील, त्यातल्या बहुतेक याच धक्क्यावर उतरलेल्या आहेत. मॉरिशसच्या मातीत ऊस होतो, चहा होतो, अननस आणि लिची होते. वाइनच्या द्राक्षांचे मळे मात्र इथं दिसत नाहीत. काही स्वस्त वाइन बेटावर आंबवतात, पण तिचा द्राक्षरससुद्धा बाहेरूनच येतो. बाकी सगळी वाइन परदेशची. फ्रान्सची आणि दक्षिण आफ्रिकेची सर्वात जास्त.

म्हणून इथं वाइन निवडताना ती कुठल्या देशाची हे नंतर विचारा. आधी विचारा, ती ठेवली कुठं होती.

[दृश्य: दुपारचं ऊन. किनाऱ्यावरचं छोटं दुकान, काचेच्या दर्शनी कपाटात उभ्या बाटल्या.]

वाइन नीट राहते ती साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसला, अंधारात, हलवाहलव न करता. नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला उन्हाळा. किनाऱ्यावर पारा सहज तिशी ओलांडतो. हापूसची पेटी उन्हात राहिली की वरून आंबा छान दिसतो आणि कापल्यावर कळतं. वाइनचंही तसंच होतं. बाटलीत द्रव फुगतो, बूच वर सरकतं, कडेनं वाइन झिरपते आणि हवा आत शिरते. चवीतला ताजेपणा जातो. ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो. जाणकार अशा वाइनला शिजलेली म्हणतात. ती पिऊन कुणी आजारी पडत नाही, पण चांगल्या बाटलीचे पैसे देऊन ती का प्यावी?

बाटली टेबलावर आली की उघडण्याआधी हातात घ्या. बुचावरचं आवरण वर फुगलंय का, मानेवर चिकट ओघळ आहे का, बघा. दोन्हीपैकी काही दिसलं तर शांतपणे दुसरी मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या ठिकाणी त्याबद्दल कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

पारदर्शक काचेतली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, असेल तर आणखी काळजी घ्या. दिव्याखाली किंवा उन्हात उभी ठेवलेली रोझे प्रकाशानंही बिघडते. गुलाबी रंग सुंदर दिसतो म्हणून ती नेमकी दर्शनी कपाटात मांडतात. ती तिथंच राहू द्या, आतल्या खोलीतली मागा.

[दृश्य: हॉटेलातलं तळघर. लाकडी फळ्या, आडव्या बाटल्या, तापमान दाखवणारा आकडा.]

वाइन नीट ठेवायला यंत्रं लागतात आणि वीज लागते. त्यामुळे तळघराच्या बाबतीत मोठी हॉटेलं पुढं आहेत, हे मान्य करायलाच हवं. पूर्व किनाऱ्यावरचं कॉन्स्टन्स बेल मार प्लाज तिथल्या तळघरासाठी ओळखलं जातं. २००६मध्ये तिथं दिवंगत फ्रेंच शेफ बर्नार ल्वाझो यांच्या नावानं पाकमहोत्सव सुरू झाला. त्यात युरोपातले मिशेलिन तारांकित शेफ आणि हिंदी महासागरातल्या बेटांवरचे शेफ जोड्या लावून स्वयंपाक करतात. अशा हॉटेलात वाइनची जबाबदारी असलेला माणूस असतो, त्याला सोमेलिए म्हणतात. त्याच्याशी बोला. तुमचं बजेट त्याला सरळ आकड्यात सांगा. संकोच करू नका. त्या आकड्यात सगळ्यात चांगलं काय बसतं, ते शोधणं त्याला मनापासून आवडतं.

याउलट, जिथं सगळं पॅकेजमध्ये असतं अशा रिसॉर्टमधली ग्लासनं मिळणारी वाइन. तिथं एकच प्रश्न विचारा: ही बाटली कधी उघडली? काल उघडून बारच्या उबेत राहिली असेल, तर बिअर घ्या. फिनिक्स ही इथली स्वतःची बिअर. १९६३पासून बेटावर तयार होते आणि थंडगार मिळते.

[दृश्य: ग्लासात रेड वाइन ओतली जातेय. काचेवर बाहेरून दव नाही.]

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं आपण ऐकत आलो. ती खोली युरोपातली, थंडीतली, १६ ते १८ अंशांची. मॉरिशसच्या व्हरांड्यात ती ३० अंशांची असते, आणि त्या तापमानाला रेड वाइनमधला अल्कोहोल नाकात शिरतो, बाकी काही लागत नाही. बर्फाची बादली मागा, रेडलासुद्धा. पंधरा मिनिटं पुरतात. बादलीत नुसता बर्फ नको, अर्धं पाणी हवं. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, म्हणून ती लवकर गार होते. नवा वेटर आधी चकित होईल. होऊ द्या.

किमतीचंही एक गणित आहे. इथला अबकारी कर लिटरमागे ठरतो, बाटलीच्या किमतीवर नाही. म्हणजे अगदी स्वस्त बाटलीत तुम्ही जे मोजता त्यातला मोठा भाग कराचा, आणि वाइनचा भाग जेमतेम. थोडी वरची बाटली घेतली की कर तेवढाच राहतो, वाढलेला पैसा वाइनमध्ये जातो. त्यामुळे यादीतली सगळ्यात खालची ओळ सोडा आणि मधल्या ओळींत दक्षिण आफ्रिका शोधा. तिथल्या स्टेलनबॉशची शेनाँ ब्लाँ ही पांढरी वाइन इथं मिळते. नाशिकच्या शेनाँ ब्लाँची ओळख असलेल्या आपल्या माणसांना ती लगेच जवळची वाटेल. आणि मेनूवरच्या किमतीत १५ टक्के व्हॅट धरलाय की बिलात वेगळा लागणार आहे, ते आधीच विचारून घ्या.

[दृश्य: रोज हिल. रस्त्यावरची रांग. तव्यावरून उतरणाऱ्या पातळ पिवळसर पुऱ्या.]

वाइनसाठी हॉटेलचं तळघर बरं. पण जेवायला बाहेर पडा. आठवडाभर रिसॉर्टच्या बुफेत जेवून परत जाणाऱ्यांना मॉरिशस भेटलेलंच नसतं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

सुरुवात इथून करा. रोज हिलमध्ये देवा अँड सन्सच्या दुकानासमोर डोल पुरीची रांग लागते. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, पुरणपोळीपेक्षा कितीतरी पातळ, न गोड केलेली मऊ पोळी. ती नेहमी जोडीनं देतात. आत पावट्याच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार उसळ, रुगाय नावाचा टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि मिरची. कागदात गुंडाळून हातात. बिहारमधून आलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावर आलेल्या मजुरांनी, हा पदार्थ इथं आणला. १८३४पासून भारतीय मजूर या बेटावर उतरू लागले. ते जिथं उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांमध्ये मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत इथं असाल आणि कुणी घरी बोलावलं, तर रेस्टॉरंटचं बुकिंग खुशाल रद्द करा.

[दृश्य: माहेबूरचा सोमवारचा बाजार. भाज्या, मिरच्या, हळदीत माखलेले माशांचे तुकडे.]

मॉरिशसच्या स्वयंपाकात भारत आहे, आफ्रिका आहे, फ्रान्स आहे, चीन आहे, आणि हे सगळं एकाच ताटात येतं. विंदायच बघा. मासा तळून मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात. गोव्याच्या विंदालूशी त्याचं नातं आहे. दोघांचं मूळ पोर्तुगीज. मात्र गोव्यात लाल मिरची राज्य करते, इथं मोहरी. ते गरम असताना खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मुरल्यावर, पावाबरोबर खावं.

आता या विंदायसोबत वाइन कुठली? जड, ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला मोहरी आणि व्हिनेगर कडवट करून टाकतात. तिथं आंबटसर, हलकी, किंचित गोडसर पांढरी वाइन हवी. शेनाँ ब्लाँ किंवा रिस्लिंग. ऑक्टोपसच्या कारीबरोबर, म्हणजे इथल्या भाषेत कारी उरितबरोबर, कोरडी रोझे उत्तम लागते. एक मात्र लक्षात ठेवा: ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस पकडायला बंदी असते, म्हणजे पिल्लांना वाढायला वेळ मिळतो. त्या दिवसांत कुणी ताजा म्हणून ऑक्टोपस वाढत असेल, तर तो कुठून आला, हे विचारायलाच हवं.

आणि रेड वाइनसाठी हरणाचं मटण. १६३९मध्ये डच लोकांनी जावा बेटावरून इथं हरणं आणली. ती रुजली, वाढली. आज हरणाची मसालेदार कारी हा बेटाचा अभिमानाचा पदार्थ आहे. दालचिनी, लवंग, थाइमचा वास असलेल्या त्या रश्शापुढे दक्षिण आफ्रिकेतल्या केपची सिराह किंवा पिनोटाज ठेवा. बादलीतून नुकतीच काढलेली.

[दृश्य: मोका. झाडीतलं जुनं लाकडी घर, चहूबाजूंनी दारं.]

हे सगळं निवांत बसून खायचं असेल तर डोंगराकडे वळा. मोका इथलं युरेका हे घर १८३० सालचं. त्याला १०९ दारं आहेत, त्यामुळे वारा अडत नाही. इथं क्रिओल, म्हणजे बेटावरच्या मिश्र संस्कृतीचं, जेवण मिळतं, घरगुती पद्धतीनं. दक्षिणेला सेंट ऑबँची जुनी उसाची इस्टेट. तिथलं घर १८१९चं. बोआ शेरीचे चहाचे मळे बघून दुपारच्या जेवणाला इथं पोहोचावं, हा नेहमीचा मार्ग. अशा ठिकाणी ताडाच्या कोंभाचं सॅलड मिळालं तर जरूर मागवा. कोंभ काढायला अख्खं झाड तोडावं लागतं, म्हणून त्याला लक्षाधीशांचं सॅलड म्हणतात. वर मार्लिन माशाचे धुरी दिलेले काप. हा पदार्थ पांढऱ्या वाइनसाठीच जन्माला आलाय असं वाटतं.

आणखी एक प्रकार शोधा: ताब्ल दोत. म्हणजे कुणाच्या तरी घरी, यजमान जे शिजवेल ते. आदल्या दिवशी फोन करावा लागतो. तेव्हाच विचारा, स्वतःची बाटली आणली तर चालेल का? अनेक छोट्या घरगुती ठिकाणी वाइनची यादी फार लहान असते. त्यांची हरकत नसेल, तर दुकानातून गार ठेवलेली एक चांगली बाटली घेऊन जाता येते. गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, दुपारी डिकीची भट्टी होते. पिशवी पायाशी ठेवा, एसीच्या वाऱ्यात. आणि परतीला टॅक्सी सांगा. डोंगरातले रस्ते अरुंद आहेत, रात्री दिवे कमी.

[दृश्य: शामारेल. उसाचा फड, तांब्याचं भांडं, लाकडी पिंपं.]

शेवटी जेवणानंतरचं. बेटाची स्वतःची दारू म्हणजे रम. नैर्ऋत्येला शामारेलच्या डोंगरात ताज्या उसाच्या रसापासून ती बनवतात. बहुतेक रम मळीपासून होते; रसाची रम वेगळी, तिला ओल्या उसाचा, गवताचा वास असतो. इथं भट्टी बघता येते, चव घेता येते. बाहेरच्या रेस्टॉरंटांत व्हॅनिला, लिची, अननस घालून महिनोन्‌महिने मुरवलेली रम काचेच्या बरणीतून देतात. तिला रम आरांजे म्हणतात. छोटा पेला पुरे.

आणि घरी काही न्यायचं असेल तर रमच न्या. वाइन विमानतळापर्यंतच्या प्रवासात, सामानाच्या ढकलाढकलीत आणि मुंबईच्या मे महिन्यात बिघडू शकते. ४० टक्के अल्कोहोलची रम तेवढं ऊन सहज सोसते. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. कपड्यांच्या मधोमध, बूच घट्ट लावून, चेक-इनच्या बॅगेत ठेवा.

[पडदा काळा. श्रेयनामावली.]