खर्डा मूळचा कुठला?

सातारा. संध्याकाळचे सात. राजवाड्याजवळ गाड्या लागल्यात. कढईत नूडल्स उडताहेत, मोमोजच्या भांड्यातून वाफ निघतेय. "भाऊ, चटणी अजून थोडी," म्हणत पोरं प्लेट पुढं करतात. येता-जाता कुणीतरी म्हणतंच, "आपलं खाणं संपलं बघा आता."

आपलं म्हणजे नेमकं कुठलं?

खर्डाच घ्या. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ. तापल्या तव्यावर तांब्याच्या बुडानं रगडलेलं. यातली मिरची अमेरिकेतली, १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. त्याआधी आपला जाळ मिऱ्याचा होता. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं मूळही तिकडचंच. उपवासाचं ताट तर विचारूच नका: बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे सातासमुद्रापलीकडचे! ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची. फक्त हजारो वर्षांपूर्वी आली, म्हणून तिला कुणी पाहुणी म्हणत नाही.

मग धोका मोमोजच्या गाडीपासून आहे का? मला नाही वाटत.

दहिवडीजवळची एक वस्ती. मावशी परातीत पीठ मळतायत. थापता थापता भाकरी हातभर होते, तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो. मग चुलीच्या तोंडाशी उभी केली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो.

"ताजं पीठ हाय म्हणून वळतंय. जुन्या पिठाची विरी जाती, मग भाकरी तुटती."

हे शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं पीठ. माण-खटावात, जतकडे शाळू अजून दिसतो. कृष्णाकाठानं वाळव्याकडे उतरा, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? उसाला कारखाना आहे. शाळू हातानं उपटून काढायचा, त्याला माणसं मिळत नाहीत. इकडे हायवेच्या ढाब्यांवर 'चुलीवरची भाकरी' असे फलक झळकतात. थापणारी बाई मात्र फलकावर नसते.

मावशींचा नातू शाळेतून आला. त्याला भाकरी नको, दोन मिनिटांच्या नूडल्स हव्यात. मावशी कुरकुरल्या, पण पातेलं चढवलं. पोरानं ताटली घेतली, खर्ड्याचा गोळा उचलून नूडल्समध्ये कालवला.

मावशींनी एकवार बघितलं आणि तेलाची बुधली पुढं सरकवली.

"वरनं तेल घे की. कोरडा लागतोय खर्डा."