यवतेश्वरच्या घाटात मिसिंग मारणारी मारुती ८००

समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट चालू होतो, आणि आमची गाडी नेमकी इथंच मिसिंग मारायची, म्हणजे मधेच एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटायचंच नाही. हा आवाज ऐका. दुसऱ्या गिअरला झटके मारतीय, अ‍ॅक्सिलेटर पार तळाला टेकलाय तरी ओढत नाही, मागनं टेम्पोवाला हॉर्न देतोय. आणि हीच गाडी खाली साताऱ्यात उभी करून चालू ठेवली की काहीच नाही, जरा थरथरते तेवढीच, तीन सिलेंडरला तेवढं असतंच.

वडिलांची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी. चार सिलेंडरच्या गाडीत एक मेला तर पाव ताकद जाते, हिच्यात एक मेला की सरळ तिसरा हिस्सा गेला, वर त्या मेलेल्याचं ओझं बाकीच्या दोघांनी ओढायचं. म्हणून घाटात ती अशी गुडघ्यावर येते.

आधी दोन गॅरेजला दाखवून झालेलं. कार्बोरेटर साफ झाला, फिल्टर बदलला, ठिणगी पाडणारे प्लग नवे पडले, शेवटी एकानं गाडी विकून टाका म्हणून सांगितलं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण एकानंही गाडी घाटात चालवून बघितली नाही, याचं फार वाईट वाटलं.

मग गोडोलीतले हे मेकॅनिक मामा. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "कधी मारती सांग. गार असताना का गरम झाल्यावर? चढाला का सपाटीला? पावसात जास्ती का?" मी म्हटलं चढाला, आणि धुकं-पाऊस असला की जास्तच. "मग आधी करंटचं बघू, पेट्रोलचं मागनं," म्हणाले.

हा फरक मला इतकी वर्षं कुणी सांगितला नव्हता. पेट्रोल कमी पडलं तर बहुतेक वेळा गाडी हळूहळू मरगळते, पाय सोडून थोडं थांबलं की परत सावरते. करंट तुटला तर खाडकन झटका बसतो आणि पुढच्या क्षणाला काही झालंच नाही अशी चालते. अर्थात जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या बघाव्याच लागतात, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि तेव्हाचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. मामांनी त्या बघितल्या, ठीक होत्या.

आता हे बघा. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर रबरी पकडीनं क्षणभर उचलायची, उघड्या हातानं अजिबात नाही, हजारो व्होल्ट असतात. चालता सिलेंडर असेल तर वायर उचलल्यावर इंजिन लगेच मंद पडतं, मेलेला असेल तर काहीच फरक पडत नाही. आमच्या तिन्हीला इंजिन सारखंच मंद पडलं, म्हणजे उभ्या गाडीत तिन्ही जिवंत. मग प्लग काढले, दोन फिकट तपकिरी, जसे पाहिजेत तसे, आणि तिसरा काळा, ओलसर. प्लगांची अदलाबदल करून घाटात फिरवून आणली तरी त्याच सिलेंडरचा काळा, म्हणजे दोष प्लगचा नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तिन्हीला सारखं, म्हणजे दोष रिंगा, व्हॉल्व्हचा पण नाही. वायरी मीटरवर लावल्या, त्या पण बरोबर दाखवत होत्या. मी तर हात टेकले होते.

इथं मामांनी जे समजावलं ते नीट ऐका. चढाला पाय दाबला की सिलेंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, ते दाबलं जातं तेव्हा प्रेशर वाढतं, आणि त्या दाटीतनं ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरचं कातडं कुठं तडकलं असेल तर करंट प्लगकडं जाण्यापेक्षा तिथनंच बॉडीला पळतो, त्याला ती वाट सोपी. उभ्या गाडीत एवढा जोर लागतच नाही, म्हणून तिथं काही सापडत नाही. आणि मीटर मोजतो आतली तार, वरचं कातडं नाही.

रात्री आठला मामांनी गॅरेजची लाईट घालवली. इस्त्रीवाले मारतात तसल्या बाटलीनं वायरींवर पाण्याचा नुसता फवारा मारला, मला म्हणाले रेस दे. आणि हे बघा, कॅमेऱ्यात आलंय, वायर धरणाऱ्या क्लिपला घासणाऱ्या जागी निळा धागा टक टक उडतोय. चीर नखाएवढी पण नव्हती. त्या चिरेपायी आम्ही गाडी विकायला निघालो होतो.

तिन्ही वायरी नव्या टाकल्या, सिलेंडरांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आतनं पुसली, क्लिप सरळ केली.

दुसऱ्या दिवशी कासकडं निघालो. धुकं होतं, पाऊस पण होता, गाडी तिसऱ्या गिअरला चढत होती. वडील मागं बसलेले, काही बोलले नाहीत, पावसात पण काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत राहिले.