आर्नोकाठचा राजाराम

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात 'राजाराम' म्हटलं की माणसाच्या आधी पत्ता डोळ्यांपुढं येतो. राजारामपुरीत कितव्या गल्लीत राहायला? पोरगं 'मेन राजाराम'ला घातलंय का? आणि पावसाळ्यात तर राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं म्हटल्यावर अख्खं गाव खिडकीतून आभाळ बघायला लागतं. हे सगळे राजाराम एकच, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. आणि मी जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालो, म्हणजे बघा!

डोळे उघडले ते एका साध्या हिशेबानं. राजारामपुरी ज्यांच्या नावानं वसली ते राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे थोरले चिरंजीव. जन्म १८९७. आणि राजाराम कॉलेज निघालं १८८० साली. मग कॉलेजला नाव कुणाचं?

ते होतं विसाव्या वर्षी गेलेल्या एका पोराचं.

पाटणकरांच्या घरातला हा नागोजीराव. १८५० चा जन्म. १८६६ साली करवीरच्या गादीवर दत्तक आला आणि राजाराम महाराज झाला. सोळाव्या वर्षी माणसाला स्वतःचं नावसुद्धा बदलून मिळतं, ही गोष्ट मला नेहमी विचित्र वाटत आली आहे. घरात कुणी नंतरही 'नागोजी' म्हणून हाक मारत असेल का? कुठं लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

इंग्रजी शिकलेला राजा. १८७० च्या उन्हाळ्यात तो विलायतेला निघाला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं ठामपणे मानणारा तो काळ. साधा कारकून गेला तरी परत आल्यावर प्रायश्चित्ताचा घोळ. इथं तर छत्रपतींच्या गादीवरचा माणूस बोटीत बसत होता. आज पासपोर्टच्या रांगेत उभं राहून कुरकुरणाऱ्यांना त्यातलं धाडस कळायचं नाही.

लंडनमध्ये त्यानं डोळे भरून बघितलं, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली आणि रोज डायरी लिहिली. इंग्रजीत. त्याच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढं १८७२ साली छापली, म्हणून आपल्याला वाचायला मिळते. खरं सांगू? डायरी तशी रुक्ष आहे. आज इथं गेलो, अमक्यांना भेटलो, तमकं पाहिलं. पहिल्यांदा वाचताना मी कंटाळलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं, की ही परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही आहे. चूक होऊ नये म्हणून तो वाक्यं तोकडी ठेवतोय. अशा वह्या मी हजारांनी तपासल्यात. त्यानंतर मात्र ती रुक्ष वाटेना.

परतताना युरोपात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं. थंडीचे दिवस, लांबचा प्रवास, आणि त्यात महाराजांची तब्येत बिघडली. इटलीत फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत ती हाताबाहेर गेली. ३० नोव्हेंबर १८७०. हॉटेलच्या खोलीत प्राण गेला. सहा महिन्यांपूर्वी कोल्हापुरातून निघालेला राजा, आणि शेवटच्या क्षणी आजूबाजूला घरातलं कुणी नाही. होते ते नोकर, कारभारी आणि साहेब.

आता दहन कुठं करायचं? फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, आणि तिथं मढं पुरायची रीत. खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली गावाबाहेरच्या कशिने बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथं. म्हणजे संगमच. आपल्याकडं प्रयाग चिखलीच्या संगमाला जे मानतात, तेच त्या परक्या मुलखात बरोबरच्या माणसांनी शोधून काढलं. मला या सगळ्या हकिकतीत याच गोष्टीनं सगळ्यात जास्त गलबलून येतं. भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत, आणि ती माणसं विचारत फिरतायत, इथं दोन नद्या कुठं भेटतात हो?

त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. दगडी खांब, घुमट, आणि मधे महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. नाव अनोळखी वाटेल, पण आपला टाऊन हॉल त्याचा, नवा राजवाडा त्याचाच. भाऊसिंगजी रोडनं जाताना आपण रोज त्याच्याच हातचं काम बघत असतो.

कोल्हापुरात राजारामांच्या मागं दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराजही १८८३ साली नगरच्या किल्ल्यात, ऐन तारुण्यातच गेले. त्यावर बोलायचं तर आजची वेळ पुरणार नाही. राजाराम कॉलेज मात्र वाढलं. गोपाळ कृष्ण गोखले तिथले विद्यार्थी.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इटलीला गेला. पेठेतलं पोरगं. एका रविवारी संध्याकाळी त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. लोखंडी कुंपण, पलीकडं छत्री, आत रंगवलेला पुतळा: डोक्याला पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा. खाली लिहिलेलं, "मामा, हितं आपला राजा हाय की!"

मी लगेच फोन लावला. तो सांगत होता, इथल्या लोकांना नाव-गाव काही ठाऊक नाही. ते या जागेलाच 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी. जवळच नदीवर मोठा पूल झालाय, त्यालाही तेच नाव. आपल्याकडं नाव पाटीवर राहिलं आणि माणूस विसरला. तिकडं एक परका माणूस आठवणीत राहिला आणि नावच गळून पडलं.

"कुत्र्याला फिरवायला एक म्हातारा आला होता, मामा," भाचा म्हणाला. "पुतळ्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं. त्याच्या भाषेत कायतरी विचारलं. म्हणजे, तुझ्या देशातला का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"देशाचं कशाला, म्हटलं आमच्या गावचा हाय. त्याला काय कळलं नसंल. पण टोपी काढली बघा त्यानं."