जनरेटर घेण्याआधी चेंजओव्हर ठरवा

मंडळी, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गेली कितीतरी वर्षं मी वायरिंगची कामं घेतो. जून लागला की माझा फोन वाजायला सुरुवात होते. कणकुंबी-जांबोटीकडं तारांवर झाड पडतं, लाईन जाते, आणि लाईट कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. मग मंगल कार्यालयवाले, दवाखानेवाले, वडगाव-शहापूरचे मागवाले सगळे एकच विचारतात, "जनरेटर किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा घेऊ?" मी विचारतो, "जोडणार कुठं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर उतरल्याशिवाय दुकानात जाऊ नका, एवढंच सांगायला मी आज इथं आलो आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका शेतघराची गोष्ट सांगतो. पावसाळ्याचे दिवस, दोन दिवस लाईट नव्हती. घरच्यांनी छोटा जनरेटर आणला आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर केली. एक पिन जनरेटरला, दुसरी घरातल्या सॉकेटला. घर उजळलं. मेन स्विच बंद करायचा राहून गेला. त्या लाईनवर काम करायला आलेल्या लाईनमननं वरचा स्विच उघडलेला होता, म्हणजे त्याच्या हिशेबानं लाईन मेलेली. तरी त्यानं शिस्तीप्रमाणं खांबावर हात घालण्याआधी तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड तारेला लावला. चटकन ठिणगी पडली आणि तिकडं घरातला जनरेटर घुसमटून बंद पडला. रॉड लावायचा कंटाळा केला असता तर तो माणूस जिवंत खाली उतरला नसता.

हे होतं कसं? आपण इकडं ज्याला टीसी म्हणतो आणि कोल्हापूरकडं डीपी म्हणतात, तो ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. वरून 11,000 व्होल्ट आले की खाली 230 देतो. खालून तुम्ही 230 ढकलले तर वर तेवढेच हजारो व्होल्ट उभे करतो. गावाचा सगळा लोड त्यावर असेल तर जनरेटर दमून बंद पडतो. पण शेतातल्या टीसीवर एक-दोनच कनेक्शन असतात, ती बंद असली की तार जिवंत होते. मेन स्विच आठवणीनं पाडू म्हणणारे पुष्कळ भेटतात. अंधारात, पावसात, घरात आजारी माणूस असताना आठवणीवर कोणाचाही जीव टांगू नये.

म्हणून मीटर आणि मेन बोर्डाच्या मध्ये चेंजओव्हर, म्हणजे वीज कुठून घ्यायची ते बदलणारा स्विच हवा. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो: हेस्कॉम (आपली वीज कंपनी), बंद, किंवा जनरेटर. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा, म्हणजे दोन तारा एकदम तोडणारा, थ्री फेजला चार पोलचा. यात लोक न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर पैसे वाचवतात, फक्त फेज बदलतात आणि न्यूट्रल दोन्हीकडं जोडून ठेवतात. मग न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी फिरतो, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, विनाकारण पडतो, आणि लाईनच्या बाजूचा दोष तुमच्या जनरेटरपर्यंत येतो. न्यूट्रलसुद्धा तोडायचाच.

पण तो तोडला की पुढचं काम लागतं. टीसीकडचं न्यूट्रल अर्थिंग आता तुमच्या उपयोगाचं उरत नाही, म्हणून जनरेटरचा न्यूट्रल स्वतंत्र जमिनीत द्यावा लागतो. तसं केलं नाही तर मिक्सरच्या बॉडीला फेज लागला तरी करंटला परत जायला वाट नसते आणि आरसीसीबी गप्प बसतो. मोठ्या जनरेटरला मी अर्थिंगचे चार खड्डे घेतो, दोन न्यूट्रलला आणि दोन बॉडीला. खानापूरकडं जांभ्यात, मुरमात ओल टिकत नाही. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग छान दिसतं, मोजा मे महिन्यात. तेव्हाही 5 ओहमच्या आत असेल तर मी समाधानी.

आता केव्हीए. एका मंगल कार्यालयाचा हिशेब करू. दिवे-पंखे 2.5 किलोवॉट, साउंड 1, डीप फ्रीझ अर्धा, स्वयंपाकघरातला ग्राइंडर-मिक्सर दीड, आणि बोअरची 5 एचपीची मोटर साधारण साडेचार. बेरीज 10 किलोवॉट. 0.8 पॉवर फॅक्टरनं भागलं की 12.5 केव्हीए. दुकानदार म्हणणार, 15 चा घ्या, बिनधास्त राहा. पण 15 केव्हीएचा थ्री फेज जनरेटर दर फेजला जेमतेम 21 अँपिअर देतो. 5 एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, मात्र डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना सहापट, म्हणजे 45 च्या आसपास मागते. ऐन अक्षतांच्या वेळी कोणी मोटर चालू केली की दिवे मिणमिणतात, साउंड बसतो, कधी जनरेटरही.

यावर लोक सरळ 25 केव्हीएकडं उडी मारतात. मला ते पटत नाही. मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तर सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्याहून सोपं म्हणजे मोटर जनरेटरवर घेऊच नका. गच्चीवर मोठी टाकी बसवा आणि लाईट असताना भरून ठेवा. मग लोड साडेपाच किलोवॉटवर येतो आणि 10 केव्हीएत कार्यालय निवांत चालतं. मोठा जनरेटर कमी लोडवर तासन्‌तास चालवणं डिझेल इंजिनालाही मानवत नाही. लोड 30 टक्क्यांच्या खाली राहिला तर डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट ओघळू लागतं.

लोड तिन्ही फेजवर सारखा वाटा. मांडववाल्याची सगळी रोषणाई एकाच फेजवर टाकली तर बाकीचे दोन फेज रिकामे असूनही जनरेटर पडतो. आणि फेजचा क्रम हेस्कॉमच्या लाईनसारखाच आहे ना, ते सुरू करण्याआधी तपासा. क्रम उलटला की थ्री फेज मोटर उलटी फिरते. पीठगिरणीवाल्याला ते लगेच कळतं. बोअरवाल्याला मात्र पाणी कमी का येतं ते कळायला दोन दिवस जातात.

जागेचं बोलू. 2019 च्या ऑगस्टमधला पूर तुम्हा सगळ्यांना आठवतो. निपाणी-चिक्कोडीकडं वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा फुगल्या, बेळगाव शहरातही घराघरांत पाणी शिरलं. तळघरात जनरेटर ठेवला तर ज्या दिवशी त्याची खरी गरज, नेमक्या त्याच दिवशी तो पाण्याखाली. तळघर नकोच, त्याचं आणखी एक कारण आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. जनरेटर बाहेर, उंच कट्ट्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा. धुराच्या नळीचं सूत्र सोपं आहे: इमारतीच्या उंचीवर, केव्हीएच्या वर्गमुळाच्या 0.2 पट मीटर. 25 केव्हीएला इमारतीच्या वर 1 मीटर नळी.

छतावर सोलर असलेल्यांनी इन्व्हर्टर जनरेटरच्या बाजूला परस्पर जोडू नये. जनरेटरचा व्होल्टेज बघून तो लाईट आली असं समजतो आणि वीज उलटी जनरेटरमध्ये ढकलू शकतो. त्याची वेगळी व्यवस्था लागते.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. हेस्कॉमच्या बिलावरचा आरआर नंबर (कनेक्शनचा नंबर) आणि मंजूर लोड घेऊन सेक्शन ऑफिसला जा, जनरेटर बसवतोय असं लेखी कळवा, आणि तुमच्या क्षमतेला इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची मंजुरी लागते का ते तिथंच विचारा.

काम झालं की आणखी एक कराल? मीटरशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, एक पाटी लावा: इथं जनरेटर आहे. मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा. आपल्याकडं येणारा लाईनमन गदगचा असतो, विजापूरचा असतो. पावसात बॅटरीच्या उजेडात ती पाटी त्याला त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे.