थंडी लागते ती थांबल्यावर

(हिवाळ्यात जंगल-डोंगरात मुक्कामाला निघणाऱ्या मंडळींसमोर कोल्हापुरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. टेबलावर सॅक भरूनच आणली आहे. बोलता बोलता ती तुमच्यासमोर रिकामी करणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती पटली तर पुढचं निम्मं काम झालं. जंगलातली थंडी चालताना फारशी लागत नाही, ती थांबल्यावर लागते. आपण मात्र सॅक भरताना चालण्याचाच विचार करतो. बूट कसले घ्यावेत, काठी लागेल का, चढावर दम टिकेल का. चाल दिवसातून सहा-सात तासांची. उरलेले सतरा तास आपण बसलेले, उभे नाहीतर आडवे असतो. सॅक भरायची ती त्या सतरा तासांसाठी.

आपल्याकडच्या पोरांना पावसाचा सराव दांडगा आहे. पन्हाळ्याहून पावनखिंडीला भर पावसात जाऊन आलेले इथे कितीतरी जण असतील. मसाई पठारावर चालत होता तोवर काही वाटलं नाही, पण डबा सोडून बसल्यावर दातांवर दात आपटायला लागले, हे आठवतंय ना? जुलैचा महिना, थर्मामीटर बघितला तर थंडी म्हणावी असं काही नाही, तरी माणूस काकडतो. भिजलेले कपडे, अंगावर वारा आणि पाय थांबलेले, हे तिन्ही एकत्र आलं की पारा किती आहे याला फारसा अर्थ उरत नाही. मग जिथे पाराही खाली आहे तिथे काय होईल, याचा अंदाज करा.

हिशेबच मांडू. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. तुमच्यातले बरेच जण डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या ज्या केदारकंठा शिखरावर जायचं म्हणताय, त्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर. म्हणजे नुसत्या उंचीपायी एकवीस अंशांचा फरक. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पंधरा असेल तर तिथे उणे सहा, आणि तो डोंगर आपल्यापेक्षा चौदा अक्षांश उत्तरेला आहे, बर्फ आहे, वारा आहे, हे अजून धरलेलंच नाही. घरच्या थंडीत चाललेला स्वेटर तिथे चालेल, हा भरवसा सोडून द्या.

आणि थंडीसाठी हिमालयातच जायला हवं असंही नाही. दाजीपूरच्या बाजूला हिवाळ्यात मुक्काम केलेल्यांना विचारा. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, उताराने खाली सरकते आणि ओढ्याकाठी, खोलगटात साचून राहते. पहाटे धुकं बसलेलं दिसतं, ती हीच जागा. त्याच डोंगराच्या अंगावर थोडं वर गेलं की फरक जाणवतो. मुक्काम अर्थात वनखात्याने ठरवून दिलेल्या जागीच करायचा, पण जिथे जागा निवडायची मुभा असेल तिथे पाण्याला चिकटून तंबू ठोकू नका. आणि शेकोटी हिशेबात धरू नका. दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी हे १९५८ सालापासूनचं, गव्यांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे जाळ करायचा नाही, एवढंच लक्षात ठेवा. वाळलेल्या पाचोळ्यात एक ठिणगी काय करते हे सांगायला नको. जिथे शेकोटी चालते तिथेही ती पुढून भाजते आणि पाठ गारच ठेवते. रात्रभर ती राखायला जागणार कोण?

आता सॅक उघडते. पहिली बाहेर येते ती ही जाड प्लास्टिकची पिशवी. बाजारात रेनकव्हर मिळतं, तेही घ्या, पण पाठीकडून आणि पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत येतंच. म्हणून सॅकच्या आत ही मोठी पिशवी, आणि सगळं सामान तिच्यात. सगळ्या यादीतली ही बहुतेक सर्वांत स्वस्त वस्तू, आणि मी तिला पहिला नंबर देते.

तिच्या आत ही दुसरी छोटी पिशवी आहे, तोंड पिळून रबर लावलेली. हिच्यात थर्मलचा एक जोड, लोकरीचे जाड पायमोजे आणि कानटोपी आहे. ही पिशवी तंबूबाहेर उघडायची नाही. कितीही गारठलात, मोजे कितीही भिजले, तरी नाही. मुक्कामाला पोहोचलात की चहाच्या आधी, फोटोच्या आधी तंबूत शिरायचं, अंगातलं ओलं उतरवायचं, अंग पुसायचं आणि हे कोरडं चढवायचं. पाठीवर सॅक घेऊन चढताना बनियन घामाने चिंब होतो. चालताय तोवर शरीर त्याला तापवत राहतं. थांबलात की तोच बनियन शरीराची उष्णता ओढायला लागतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून पहिली पंधरा मिनिटं फार मोलाची.

सकाळी यातला अवघड भाग येतो. हे कोरडे कपडे काढून पुन्हा कालचे दमट कपडे घालायचे. जिवावर येतं, मला माहीत आहे. पण दहा मिनिटं चाललात की ते अंगावरच वाळायला लागतात. कोरडा जोड चालायला वापरलात, तर संध्याकाळी तुमच्याकडे दोन ओले जोड असतील आणि कोरडा एकही नसेल.

सुती कपड्यांबद्दल एका वाक्यात सांगते: जीन्स, सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. अंगालगत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवीचा कृत्रिम धाग्याचा उबदार कपडा, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जर्किन. एका जाडजूड जॅकेटपेक्षा हे तीन पातळ थर बरे, कारण चढ लागला की एक काढता येतो. सकाळी निघताना थोडं हुडहुडलंच पाहिजे. उबदार वाटत निघालात तर पहिल्या वळणावर घामाने भिजणार. जाड जॅकेट घ्या जरूर, पण ते थांबल्यावर घालायचं आणि सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं.

आता ही कॅरीमॅट. तुम्ही पाच हजारांची स्लीपिंग बॅग घेता आणि खाली वर्तमानपत्राएवढी पातळ मॅट टाकता, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यात फुगून राहिलेल्या हवेमुळे. तुम्ही तिच्यावर झोपलात की पाठीखालची हवा दबून निघून जाते. म्हणजे खालच्या बाजूने तुमच्यात आणि जमिनीत उरते फक्त मॅट. ‘रात्रभर कूस बदलत राहिलो, पाठ गार पडली’ असं सांगणाऱ्याला मी आधी मॅट विचारते, बॅग नंतर. मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितकी मॅट जमिनीचा गारठा जास्त अडवते. साध्या फोमच्या मॅटचा दोनच्या आसपास, बर्फावर झोपायचं तर पाचच्या पुढे हवा. चांगली गोष्ट ही की एकावर एक टाकलेल्या मॅटच्या आकड्यांची सरळ बेरीज होते. महागडी हवेची मॅट परवडत नसेल तर फोमच्या दोन घ्या. त्या फुटत नाहीत, आणि दुपारी बर्फावर बसायला एक तुकडा कामी येतो.

आणि आपलं घोंगडं? दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. आपल्या भागातले धनगर त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर झोपत आलेत. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब टिकवते, आणि घोंगड्याचा राठपणा जमिनीची गारठ वर येऊ देत नाही. गाडी जवळ पोहोचते अशा मुक्कामाला, गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाकडे, घोंगडं मॅटवर अंथरा आणि बघा. हिमालयात मात्र ते पाठीवर वाहून न्यायचं वजन नाही.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्या लेबलवर तापमानाचे तीन आकडे दिसतील: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात बहुतेक वेळा शेवटचाच आकडा मोठ्या तोंडाने सांगतात, ‘उणे पंधराची आहे’ म्हणून. एक्स्ट्रीमचा अर्थ असा की त्या तापमानात जीव वाचेल, झोप लागणार नाही. तुम्ही कम्फर्टच बघा, म्हणजे निवांत झोप लागेल ते तापमान. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की पिसं एकमेकांना चिकटतात आणि ऊब जाते. पहिल्यांदाच जात असाल तर कृत्रिम भरावाची घ्या, जड असली तरी चूक सहन करते.

आता ही पाण्याची बाटली. झोपण्याआधी हिच्यात गरम पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून बाटली उलटी धरून मिनिटभर बघायची की गळते का, मग पायमोज्यात घालून बॅगेत पायांशी ठेवायची. पाय गार असले की झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. हीच बाटली सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी देते. दिवसा कडाक्याच्या थंडीत बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. तोंडात धरून ओढायच्या नळीचं पाणी सगळ्यात आधी गोठतं, तिच्या भरवशावर राहू नका. मोबाईल, पॉवर बँक, हेडटॉर्चचे सेल हेही रात्री बॅगेत तुमच्या अंगाशी. गारठ्यात बॅटरी अर्ध्यावर असताना मान टाकते.

गॅसचं थोडक्यात. छोट्या डब्यातला नुसता ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, ज्योत फडफडून विझते. थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा लागतो. आणि तो इथून नेऊ नका. रेल्वेत आणि विमानात गॅसचे डबे न्यायला बंदी आहे. पायथ्याच्या गावात मिळतो का हे आधी विचारून ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच.

खाण्याचं सांगायला कोल्हापूरकरांना मी कोण! पण थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं आणि दात दुखतात. गूळ-शेंगदाणे, तिळाचे लाडू खिशात ठेवा, हातमोजे न काढता खाता येतील एवढे तुकडे करून. झोपण्याआधी तुपाचं काहीतरी खा. रात्रभर शरीराला जाळायला काहीतरी हवं.

इथल्या मुलींना एक स्पष्ट सांगते. रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून तुम्ही संध्याकाळपासून पाणी पीत नाही. पाणी कमी पडलं की हात-पाय जास्त गार पडतात, डोकं दुखतं, चढावर त्रास होतो. पाणी प्या. कानटोपी, जर्किन आणि हेडटॉर्च उशाशी ठेवा, सॅकच्या तळाशी नको, आणि मैत्रिणीला उठवायला लाजू नका. गटप्रमुखांनी मुलींचे तंबू लावताना ही गोष्ट आधी बघायची आहे. तो उपकार नव्हे, ते त्यांचं काम आहे.

सामानाइतकंच सोबत्याकडे लक्ष असू द्या. ज्याला जर्किनची चेन लावता येत नाही, जो अडखळतोय, शब्द ओढून बोलतोय किंवा उगाच चिडलाय, त्याला ‘थकलाय’ म्हणून सोडून देऊ नका. शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांखाली जायला लागल्याच्या या खुणा आहेत. त्याला वाऱ्यातून आडोशाला घ्या, ओलं काढा, कोरडं घाला, खाली मॅट, वर बॅग, आणि शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गरम गोड काहीतरी पाजा. हात-पाय चोळू नका. दारू तर अजिबात नको. तिने ऊब वाटते, पण कातडीकडे रक्त धावून आतली उष्णताच बाहेर जाते. आणि कापणारा माणूस कापायचा थांबला पण सुधारला नसेल, तर ती आरामाची खूण नव्हे. लगेच खाली न्यायची आणि डॉक्टरांची वेळ आली, असं समजा.

जाण्याआधी एक काम करा. एका रात्री घराच्या गच्चीवर याच सामानासह झोपा. गच्चीची फरशी पहाटे चांगली गार असते. सगळं सॅकमधून अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात काढा, हातमोजे घालून. स्लीपिंग बॅगची चेन अडकते का, मॅट पुरते का, कानटोपी कितव्या पिशवीत ठेवली होती, हे तिथेच कळेल. जे हाताला लागलं नाही ते वर ठेवा, जे पुरलं नाही ते बदला. दुकानं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडी असतात, केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्री गावापुढच्या जंगलात नसतात. आता सॅकमधलं हे सगळं टेबलावर पसरलंय, पुढे या, हातात घेऊन बघा आणि काय विचारायचं ते विचारा.